एक्सचेंजचा झगा

हरिबांची बढाई केंदुरात सगळ्यांना पाठ होती. बाप जन्मभर मेंढरांमागं फिरला, पण हरिबा स्वतः दौंडच्या रेल्वे टेलिफोन एक्सचेंजमध्ये एकतीस वर्षं नोकरीला होते, आणि जंक्शनवरची गाडी आपल्या फोनशिवाय हलत नव्हती असं ते आजही सांगत. ऐकणारे मान डोलवत. चहा हरिबांचा असे.

तेव्हा गावच्या दूध संस्थेनं फोनची यंत्रणा बसवायचं काम त्यांच्या लेकीला, अंकिताला दिलं, आणि हरिबांची छाती सदऱ्यात मावेना. अकरा गावांतल्या सभासदांनी एकच नंबर लावायचा. फोन आपोआप गुरांच्या डॉक्टरकडे, संकलन केंद्राकडे किंवा खाद्याच्या गोदामात जायचा. आतला प्रोग्राम ओपन सोर्स, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, उघडून पाहावा, दुरुस्त करावा असा. प्रश्न उरला होता तो चालवणाऱ्या मशीनचा, आणि ते अंकितानं निवडायचं होतं. संस्थेत काम मिळालेली ती धनगरवस्तीतली पहिली मुलगी. ही निवड चुकली तर पुढचं प्रत्येक काम पुण्याच्या माणसाला जाणार, हे तिला ठाऊक होतं आणि तिच्या बापालाही.

हरिबांनी तोवर गावभर सांगून टाकलं होतं, की लेक एक्सचेंज बसवतेय. त्यांच्या लेखी एक्सचेंज म्हणजे खोलीभर कपाटं आणि अखंड टकटक. अंकितानं टेबलावर ठेवली ती पोळ्यांच्या डब्याएवढी ॲल्युमिनियमची पेटी. तिला ना पंखा, ना आवाज. संचालक शंकररावांनी विचारलंसुद्धा, की हे मशीन आहे की मशीनचा डबा. हरिबांना भर बैठकीत नाक कापल्यासारखं झालं.

संस्थेचे चेअरमन विश्वजीत तरुण, पण सबुरीचे. पुण्याच्या एका पुरवठादारानं चाचणीसाठी मोठा सर्व्हर पाठवला होता. मांडीएवढा उंच, काळाभोर, आत पंख्यांची घरघर. तो त्यांनी मागच्या खोलीत ठेवला आणि सांगितलं, आठवडाभर निम्म्या गावांचे फोन याच्यावर, निम्म्यांचे त्याच्यावर. चाचणीची डायरी लिहायचं काम जुना एक्सचेंजवाला म्हणून हरिबांना दिलं. अंकितानं हरकत घेतली नाही. तिनं तीन महिन्यांच्या नोंदी चाळल्या होत्या. सकाळी सातला, अगदी गर्दीच्या वेळीही, एकाच वेळी नऊपेक्षा जास्त फोन चालू नसत. तेवढ्याला ही पेटी पुरून उरते, आणि लाईट गेली तर ऑफिसच्या इन्व्हर्टरवर दिवसभर चालते, असं तिनं बापाला समजावलं. हरिबांनी ऐकून घेतलं. पटलं मात्र नाही.

आता त्यांच्या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. गिताबाई, म्हणजे हरिबांची बायको, यांना उघडी वस्तू बघवत नसे. टीव्हीला झगा, फ्रिजला झगा, मिक्सरला झगा, गॅसच्या सिलिंडरलाही फुलाफुलांचा झगा. घरात झाकायचे राहिले होते ते फक्त हरिबा. त्यांनी बायकोला गाठलं आणि पेटीसाठी लाल मखमलीचा, गोंडे लावलेला झगा शिवून घेतला. पेटी जरा भरल्या अंगाची दिसावी, लोकांनी हसू नये, एवढाच हेतू. सोमवारी तो चढलाही. मग मोठ्या मशीनवर जीव जडला होता म्हणून त्यालाही एक सांगितला. तो शिवायला चार दिवस लागले, आणि गुरुवारी संध्याकाळी, अंकिता घरी गेल्यावर, हरिबांनी तो मागच्या खोलीत जाऊन चढवला. झगा मगा, मला बघा, असं ते मशीन दिसू लागलं.

शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या छपराचा पत्रा तापला आणि निम्म्या गावांचे फोन बंद पडले. मागच्या खोलीत पहिले पोचले हरिबा. चोराच्या मनात चांदणं. चटका बसावा इतकं तापून मशीन आपोआप बंद झालेलं बघताच त्यांनी झगा ओढला आणि पिशवीत कोंबला. मागून सगळे आले. कुणाला काही कळलं नाही.

शनिवारच्या बैठकीत शंकरराव म्हणाले, नाव मोठं लक्षण खोटं, हे धूड परत पाठवा. बाकीच्यांनीही माना हलवल्या. म्हणजे लेकीची पेटी जिंकलीच होती. हरिबांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसावं असं त्यांना फार वाटलं. पण समोर चाचणीची डायरी होती आणि तिच्यात कारणाचा रकाना कोरा होता. एकतीस वर्षांत त्यांनी एकही रकाना कोरा ठेवला नव्हता, की खोटा भरला नव्हता. पिशवीतून मखमल काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"मशीनचा दोष न्हाई, चेअरमन. झगा म्या घातला व्हता. हवा कोंडली."

आधी सगळे हसले. मग शंकरराव गंभीर झाले आणि म्हणाले, की तसं असेल तर मोठंच मशीन घेऊ. आपल्या खरेपणानं आपण लेकीचं काम घालवलं, हे हरिबांना उभ्या उभ्या कळलं.

अंकिता उठली आणि बाहेरच्या टेबलावरची पेटी दिसेल असं तिनं दार उघडलं. पेटी तिच्या लाल झग्यात चालू होती.

"ह्याच्यावर सोमवारपासनं झगा हाय," ती म्हणाली. "म्या बघितला व्हता, पण काढला न्हाई. मोठ्याला घातल्याचं ठावं असतं तर तो काढला असता. आबा, आपल्यात मशीन आलं की कुणीतरी झगा शिवणारच. आज तुम्ही, उद्या दुसरं कुणी. म्हणून तर बिनपंख्याचं निवडलं. आन् निवडायच्या आधी दोन दिवस आईच्या गोधडीत गुंडाळून चालवलं."

विश्वजीत म्हणाले, "मोठं मशीन चांगलंच हाय. पर आपल्याला वळखून निवडलंय ते हे." आणि त्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली.

हरिबांनी डोळे पुसले. लोकांदेखत पुसले, लपवले नाहीत. दौंडच्या खोलीभर कपाटांपेक्षा ती पेटी त्यांना आज मोठी दिसत होती. मग त्यांनी डायरी पुढं ओढली, चष्मा लावला आणि जुन्या सवयीनं सुबक अक्षरात लिहिलं: बिघाड एक. कारण, हरिबा. मशीनची निवड, हरिबांची लेक.