समुद्राचे दोन फूट

बंदरात त्याला सगळे मापाडी म्हणत. बाप मापाडी होता, म्हणून तोही मापाडी. शिशाचा गोळा बांधलेली दोरी होडीतून पाण्यात सोडायची, गोळा तळाला टेकला की दोरीवरच्या गाठी मोजायच्या आणि किती फूट पाणी आहे ते कचेरीत सांगायचं, एवढंच काम. खोली मोजायचं यंत्र कचेरीत होतं. पण ते कधीचं बंद पडलेलं होतं आणि त्याच्यावर चहाचे कप ठेवायची छान सोय झाली होती.

बापाने हातात दोरी देताना एकच गोष्ट बजावली होती. "सापडेल त्यातले दोन फूट समुद्राचे. ते सांगायचे नाहीत." गाळ सरकतो, लाट जहाजाला खाली दाबते, कप्तानाला घाई असते, या सगळ्याची तरतूद त्या दोन फुटांत होती. तीस वर्षं मापाडीने चाळिसाचे अडतीस सांगितले. हे गुपित अख्ख्या बंदराला ठाऊक होतं आणि कुणी त्याबद्दल चकार शब्द काढत नसे.

मग राजधानीतून पत्र आलं. नकाशावर ही जागा मोक्याची आहे असा साक्षात्कार सरकारला झाला होता. नवा धक्का, नव्या क्रेन, कायमच्या नोकऱ्या. अट एकच, मुख्य वाटेत ओहोटीला अडतीस फूट पाणी हवं. नसेल तर सगळा पैसा वरच्या बंदराला जाणार होता.

मापाडीचा मुलगा टगवर, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटीवर, रोजंदारीने दोरखंड ओढत होता. बत्तीस वर्षांचा झाला, दोन लेकरांचा बाप झाला, तरी रोज सकाळी आज काम आहे का म्हणून फाटकाशी उभा राहायचा. ते बघून मापाडीचा जीव तुटायचा.

ओहोटीला त्याने मुख्य वाटेत दोरी सोडली. अडतीस भरले. त्या वर्षी गाळ फार आला होता. त्याने जागा बदलून पुन्हा सोडली, पुन्हा अडतीस. म्हणजे रिवाजाप्रमाणे छत्तीस सांगायचे आणि मुलाला जन्मभर फाटकाशी उभं करायचं.

"किती?" कचेरीतल्या साहेबांनी विचारलं.

"अडतीस," मापाडी म्हणाला. खोटं एक अक्षरही नव्हतं.

पैसा मंजूर झाला. धक्का उभा राहिला. उद्घाटनाच्या दिवशी मंत्री येणार, त्यांच्यासमोर मोठं जहाज धक्क्याला लागणार आणि नंतर मांडवात नेमणुकीची पत्रं वाटली जाणार, असं ठरलं. यादीत मुलाचं नाव चौथं होतं.

जहाज आत आणणारा पायलट सकाळी कचेरीत आला. "साहेब, हे पूर्ण भरलेलं आहे. अडतीस फूट खोल बसतंय. भरतीपर्यंत थांबू या."

"मंत्र्यांना भरतीपर्यंत वेळ आहे होय?" साहेब हसले. "अरे, आपल्या मापाडीचे अडतीस म्हणजे चाळीस. तुला काय नवीन आहे? काय मापाडी?"

पायलटही हसला. मापाडी दाराशी उभा होता. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात खिडकीतून त्याला टग दिसला. मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. पत्र घेताना बरं दिसावं म्हणून सुनेने तो आदल्या दिवशीच धुतला होता. आता बोललो तर या वेळी समुद्राचे दोन फूट सोडलेच नाहीत हे उघड होईल, मांडव उठेल, पत्र जाईल, असं मापाडीच्या मनात आलं. एवढी वर्षं निभावलं, आजही निभावेल.

"हो, साहेब," तो म्हणाला.

जहाज वाटेच्या मध्यावर रुतलं. मांडवातला बँड थोडा वेळ वाजत राहिला आणि मग थांबला. टगांना ओढायचा हुकूम मिळाला. मुलाच्या टगवरचा दोरखंड ताणला गेला, कुरकुरला आणि तुटला. तुटलेलं टोक उलटं फिरून मुलाच्या छातीवर बसलं. दवाखान्यापर्यंत न्यायची वेळच आली नाही.

चौकशी झाली. नव्या यंत्राने वाट मोजली, अडतीस फूट भरले. कचेरीतल्या त्या सकाळबद्दल साहेब बोलले नाहीत, पायलट बोलला नाही आणि मापाडीला कुणी विचारलंच नाही. त्याचं माप अचूक होतं असं लेखी आलं. साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याला तो हात झटकून टाकावासा वाटला, पण तेवढंही त्याला जमलं नाही.

घरी बायको भिंतीला टेकून बसली होती. त्याने कागद तिच्यापुढे ठेवला.

"काय लिहिलंय?"

"मी खरं सांगितलं होतं, असं."

तिने कागद उचलून उलटसुलट करून पाहिला. तिला वाचता येत नव्हतं.

"मग इतकी वर्षं खोटं का सांगत होतात हो?"

मापाडी खाली बसला.

"पोरं घरी परत यावीत म्हणून," तो म्हणाला. "लोकांची."