बाहेर ऐकू येऊ नये म्हणून

आवाज कमी करायला म्हणून धम्मदीपला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. ताडकळसमध्ये लग्न असो, जयंती असो, बारसं असो, मंडपाचे बांबू रोवायच्या आधी माणसं विचारायची, "साउंड कुणाचा? धम्मदीपचाच ना?" शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला ऐकू गेलं पाहिजे, असा त्याचा नेम होता, आणि बहुतेक वेळा ते शेजारच्या गावच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जायचं. त्याची माय चांगुणाबाई मात्र या धंद्यावर कायम नाराज. "लोकायच्या कानाचं वाटोळं करून पोट भरायलंय माझं लेकरू," असं ती शेजारणींना सांगायची, आणि तेही त्याला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

ही माय दिवाळीपासून वाळत चालली होती. अर्धी भाकरी टाकून उठायची. कुशीवर वळताना दात आवळून धरायची. काय होतंय म्हणून विचारलं की एकच उत्तर, "वय झालं." धम्मदीपला भीती वाटायला लागली होती. बापाच्या वेळी असंच 'काई न्हाई, काई न्हाई' करत दिवस गेले होते, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरने नुसती मान हलवली होती. बाईमाणसाशी तरी बोलेल, म्हणून फेब्रुवारीत त्याने मायला मोटारसायकलवर बसवलं आणि परभणीला अपेक्षा मॅडमच्या दवाखान्यात आणलं.

दवाखाना म्हणजे कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावरचा एक गाळा. मधे प्लायवूडचं पार्टिशन, आत मॅडमची खोली, बाहेर बाकडी. बाकड्यांवर गर्दी, आणि त्या गर्दीत ताडकळसचेच सूर्यभानमामा खोकल्याचं औषध न्यायला येऊन बसलेले. मामा मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांच्या कानात पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावच्या पारावर पोचायची, आणि तिथे ती थोडी वाढायचीही.

माय आत गेली आणि बाहेरच्या सगळ्यांनी तिची तपासणी ऐकली.

"काय होतंय, चांगुणाबाई?"

"गुडघे दुखायलेत."

"आणखी काही?"

आत काहीच आवाज नाही. मायची बांगडी टेबलाच्या कडेला लागली, तेवढं मात्र बाहेर स्पष्ट ऐकू आलं.

"न्हाई. गुडघेच."

"एरंडेल लाव म्हणावं गुडघ्याला," सूर्यभानमामांनी बाहेरूनच इलाज सांगून टाकला.

माय बोलत नसे तेव्हा काहीतरी दडवत असे, हे धम्मदीपला लहानपणापासून माहीत होतं. तिला खाली चहाच्या टपरीवर बसवून तो परत वर आला आणि सरळ मॅडमसमोर उभा राहिला.

"मॅडम, बाहेर समदं ऐकू यायलंय."

"मला माहीत आहे," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे येणाऱ्या दर दुसऱ्या बाईचे गुडघे दुखतात. दाराशी माणसं बसलेली असताना दुसरं काय दुखणार? पक्की भिंत घालू म्हटलं तर गाळ्याचा मालक तयार नाही."

तेव्हा धम्मदीपला पुणे आठवलं. साउंडच्या धंद्यात पडायच्या आधी दोन वर्षं तो तिथे मोठ्या ऑफिसांमध्ये साउंड मास्किंग बसवणाऱ्या टोळीत होता. फॉल्स सीलिंगच्या वर छोटे छोटे स्पीकर ठेवायचे, तोंड वरच्या स्लॅबकडे. त्यांतून एकसारखा बारीक सूंऽ आवाज येतो आणि खोलीभर पसरतो. पलीकडचं बोलणं बंद होत नाही, पण त्यातले शब्द सुटे ऐकू येत नाहीत. आणि हा आवाज बोलणाऱ्याच्या डोक्यावर सोडायचा नसतो, ज्याच्या कानावर बोलणं जाऊ नये त्याच्या डोक्यावर सोडायचा असतो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, दोन शंका विचारल्या आणि म्हणाल्या, "रविवारी दवाखाना बंद असतो. या."

त्याने रविवारी बाहेरच्या खोलीच्या फॉल्स सीलिंगच्या वर सहा स्पीकर बसवले. पार्टिशन सीलिंगपाशीच संपत होतं आणि वरच्या पोकळीतून आतलं बोलणं आरामात बाहेर येत होतं. ती पोकळी त्याने फळी आणि काचलोकर घालून बंद केली. दाराच्या खाली रबरी पट्टी लावली. आवाज कमीजास्त करायचं काळं बटण भागवतच्या टेबलामागच्या भिंतीवर, पार्टिशनजवळ, बसवलं. भागवत म्हणजे दवाखान्याचा कंपाउंडर. नंबर लावणं, पट्ट्या बांधणं, पंखे चालू-बंद करणं सगळं त्याच्याकडेच. सगळं झाल्यावर धम्मदीपने मोबाइलवर आवाज मोजला, हवा तितका वाढवला आणि खुशीत ताडकळसला गेला.

सोमवारी अकरा वाजता भागवतचा फोन. "धम्मदीपभाऊ, तुमचा कूलर बंद केलाय. मोटर चालू हाय पण वारंच येईना. जळून जाईल म्हनलं."

"कूलर न्हाई तो, भागवत!"

तो धावत परभणीला आला. बटण पुन्हा चालू केलं आणि बाकड्यावर बसून पाहिलं. आवाज सुरू झाला की येणारा प्रत्येक माणूस आधी वर बघायचा. एक बाई पदर सोडून वाऱ्याची वाट बघत बसली. एका म्हाताऱ्याने तर बाकडं तीन ठिकाणी हलवून बघितलं आणि शेवटी भागवतला म्हणाला, "पानी टाका की रं त्यात." पुण्याच्या ऑफिसात एसीची घरघर सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली होती. परभणीत मात्र सूं आवाज आला की वारं आलंच पाहिजे, नाहीतर यंत्र बिघडलं.

त्याहून वाईट म्हणजे माणसं मोठ्याने बोलायला लागली. अचानक आवाज वाढला की आपला आवाज त्याच्या वर न्यायचा, ही मंडपात मुरलेल्या माणसांची सवय. बाहेरचे ओरडतात म्हणून आत मॅडमही आवाज चढवून विचारायला लागल्या आणि आतली बाई आवाज चढवून उत्तर द्यायला लागली. एवढं यंत्र बसवून धम्मदीपने दवाखान्याचा पार बाजार करून टाकला होता. पुण्याचे साहेब रोज थोडं थोडंच का वाढवायला सांगायचे, ते त्याला आत्ता कळलं. त्या वेळी तो त्यांना मनातल्या मनात आळशी म्हणायचा. आता त्याला स्वतःची लाज वाटली.

त्याने बटण जवळजवळ शून्यावर आणलं. भागवतला शपथ घातली की याला हात लावायचा नाही. आणि मग रोज सकाळी, पहिला पेशंट यायच्या आधी, तो तीळभर तीळभर वाढवत गेला. दुसऱ्या दिवसापासून वर बघणारं कोणी उरलं नाही.

आता एक प्रश्न राहिला. बाहेर किती ऐकू येतं हे तपासायला आत बोलणारं कोणीतरी पाहिजे होतं. मॅडमना सवड नव्हती, भागवत आत गेला की नुसता हसत सुटायचा. धम्मदीप मायला म्हणाला, "माय, तू आत बसून काईबी बोल. मी बाहेर बसून ऐकू येईल ते लिहितो." तसं हे निमित्तच होतं. हे यंत्र काय करतं ते मायने एकदा स्वतः बघावं, एवढीच त्याची इच्छा होती. "तुझ्या भोंग्यापायी आता मला वरडायला लावतो का?" असं म्हणत का होईना, ती आली.

पहिल्या दिवशी दुपारी, दवाखाना रिकामा असताना, माय आत बसली आणि बोलली. बाहेर धम्मदीप लिहीत होता आणि भागवत पोट धरून हसत होता, कारण धम्मदीप तिसरीपर्यंत अंथरूण ओलं करायचा, ही माहिती माय मोकळेपणी देत होती.

माय बाहेर आली. "ऐकू आलं?"

"समदं."

"वाच बरं."

त्याने वाचून दाखवलं. त्याला वाटलं, माय हसेल. ती हसली नाही. "आजून लय ऐकू येतं," एवढंच म्हणाली आणि चपला घालून निघाली.

पाच दिवसांनी कागदावर अर्धेच शब्द आले. भाकर, विहीर, सुकेशनी. सुकेशनी म्हणजे त्याची बहीण, पूर्णेला दिलेली. मायने ते तीन शब्द वाचून घेतले आणि विचारलं, "सुकेशनी कसं आलं? मी तर हळू बोलले."

"नाव तोंडातलं असलं की कान पकडतो, माय."

"मग आजून वाढव."

तेव्हा धम्मदीपच्या ध्यानात आलं की हे काम त्याच्यापेक्षा मायलाच जास्त पाहिजे होतं. ती यंत्र बघायला येतच नव्हती. ती खात्री करून घेत होती. त्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसलेल्या मायचं वजन त्याला फारच कमी वाटलं.

तिसऱ्या खेपेला मायनेच अट घातली. "रिकाम्या खोलीत काय कळतंय? गर्दी असताना घे. मॅडम बी आत असू दे."

म्हणून सोमवारी सकाळी, बाकडी भरलेली असताना, माय नंबर लावून आत गेली. दार लागलं. सूर्यभानमामा नेमके त्याही दिवशी खोकला घेऊन हजर होते आणि पार्टिशनच्या अगदी लगत बसले होते. धम्मदीप कागद-पेन घेऊन त्यांच्या शेजारी बसला. वरून कालव्याच्या पाण्यासारखा एकसारखा आवाज येत होता, आणि तो येतोय हे त्या खोलीत त्याच्याखेरीज कोणाच्याच ध्यानात येत नव्हतं. आत माय बोलत होती. तिचा आवाज येत होता, त्याचे चढ-उतार येत होते, शब्द मात्र एकही नाही.

पाच मिनिटांनी माय बाहेर आली. धम्मदीपकडे न बघता आधी मामांकडे वळली.

"सूर्यभानभाऊ, मी आत काय बोलले?"

मामा गडबडले. "मी कशाला ऐकू बाई दुसऱ्याचं? नुसती गुणगुण व्हायलती."

"खरंच सांगा."

"शपथ. काईच कळलं न्हाई," मामा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर खरोखरची हळहळ होती.

मग तिने धम्मदीपच्या हातातला कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं, पण कोरा कागद ओळखायला शाळा लागत नाही. तिने तो पालटून मागूनही बघितला, घडी घातली आणि कमरेला खोचला.

"मंग थांब हितंच," ती म्हणाली, परत आत गेली आणि दार आतून लावून घेतलं.

आधी मायचा आवाज आला. मग मॅडमचा, एकच छोटा प्रश्न. मग मायचा, आणि तो थांबेचना. इतकं सलग बोलताना धम्मदीपने तिला बाप गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मधेच आवाज फाटला, बारीक झाला, पुन्हा सुरू झाला. ती रडत असेल, नसेल. एक शब्द कळेल तर शपथ.

काळं बटण त्याच्या हातापासून दीड फुटावर होतं. भागवत खाली औषधं आणायला गेलेला. अर्ध्या बोटाएवढं मागे फिरवलं असतं तर सगळं ऐकू आलं असतं. मुलगा आहे आपण, आपल्याला हक्क आहे, असं त्याला वाटलं. स्वतःच बसवलेल्या त्या आवाजाचा त्याला संताप आला. काय असेल? किती दिवसांपासून असेल? बापासारखंच असेल का? त्याचा हात बटणावर गेलासुद्धा.

"कर की रं जरा बारीक," सूर्यभानमामा हळूच म्हणाले. त्यांना ते बटण कशाचं हे आता बरोबर कळलं होतं. "मायच हाय तुझी. कळायला नको का?"

मामा अगदी त्याच्याच मनातलं बोलले. ते मामांच्या तोंडून ऐकलं आणि धम्मदीपने हात काढून घेतला.

"बिघडंल, मामा," तो म्हणाला, आणि बटणाला पाठ लावून उभा राहिला.

पंचवीस मिनिटांनी दार उघडलं. मायचे डोळे लाल होते, पण चेहरा उतरलेला नव्हता. हातात मॅडमची चिठ्ठी होती. ती जिना उतरली आणि मोटारसायकलजवळ जाऊन उभी राहिली. धम्मदीप मागोमाग आला.

"उद्या सोनोग्राफीला यायचंय. उपाशीपोटी," माय म्हणाली. "मॅडम म्हनल्या, येळेवर आलात. आदी आला असता तर आजून बरं झालं असतं, पर येळ गेली न्हाई."

"झालंय काय, माय?"

"ते मॅडमला सांगितलंय."

तो पुढे काही विचारणार होता. मग त्याने किक मारली. माय मागे बसली, पदर खोचला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुला काय काय ऐकू आलं?" तिने विचारलं.

"काईच न्हाई."

"काम चांगलं केलंस," माय म्हणाली. बारा वर्षांच्या धंद्यात हे ती पहिल्यांदाच म्हणत होती. धम्मदीपने मान हलवली, डोळे पुसले आणि गाडी ताडकळसच्या रस्त्याला लावली.