धाकट्या राणीला विष

धाकट्या राणीला विष द्यायचं, असं फांग रोमेइने सकाळी दात घासताना ठरवलं आणि पुढे दिवसभर तिला फार बरं वाटलं.

कादंबरी तिचीच होती. आधी मोबाइलवर प्रकरणाप्रकरणाने लोकांनी वाचली आणि आता तिची मालिका होत होती. गोष्ट अशी, की एक लेखिका स्वतःच्याच कादंबरीवर डोकं टेकून झोपते आणि जागी होते ती त्याच कादंबरीतल्या राजवाड्यात, दासी होऊन. वाड्यात कोण कधी मरणार हे तिला आधीच ठाऊक असतं, कारण तिनेच तर ते लिहिलेलं असतं. रोमेइला हेंगदियानच्या चित्रनगरीत, सेटवरच मुक्कामाला ठेवलं होतं. एखादा नट आजारी पडला, एखादी नटी रुसली, की तिने बसल्या जागी प्रसंग बदलून द्यायचा. कुणाला जगवायचं आणि कुणाला मारायचं हे अजूनही तिच्याच हातात होतं, आणि हा अधिकार तिला मनापासून आवडायचा.

कादंबरीत धाकटी राणी शेवटपर्यंत जगते. मोठ्या राणीच्या हेव्याने जन्मभर जळत राहते, पण जगते. आता मात्र तिला जगू देणं रोमेइला शक्य नव्हतं. कारण ती भूमिका शे यिंगकडे होती, आणि शे यिंग रोमेइच्या डोळ्यांत खुपत होती.

रोमेइचा नवरा ग्वान दाहाइ या मालिकेचा तलवारमास्तर. तरुणपणी नटांच्या वतीने छपरांवरून उड्या मारून त्याने एक गुडघा कामातून घालवला होता, आणि आता तो नट-नट्यांना तलवार कशी धरायची ते शिकवायचा. झाडून सगळ्या नट्या त्याच्या हाताखालून जायच्या, त्याबद्दल रोमेइने कधी चकार शब्द काढला नव्हता. पण या यिंगची तऱ्हाच निराळी.

"मास्तर, मनगट असं की असं?"

"असं. आणि कोपर आत."

"आतच आहे की हो! तुमचंच लक्ष नाही माझ्याकडे."

मग खिदळणं. मग "मास्तर, गुडघा कसाय आज?" मग घरून डब्यात आणलेला नासपतीचा गरम काढा. आणि हे सगळं नेमकं रोमेइच्या पुढ्यात, तिच्या खुर्चीपासून दोन हातांवर. आडोशाला चाललं असतं तर निदान चोरी म्हणता आली असती. ही तर दिवसाढवळ्या दुकान मांडून बसली होती. रोमेइच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण आरडाओरडा करणाऱ्यांतली ती नव्हती. ती हातातला चहाचा पेला अजिबात आवाज न करता खाली ठेवायची, एका बोटाने पेल्याचा कान स्वतःकडे वळवायची आणि गोड आवाजात म्हणायची, "चालू द्या तुमचं. माझं काही नाही."

खोलीवर गेल्यावर मात्र चौकशी व्हायचीच.

"आज काय शिकवलंस तिला?"

"कुणाला?"

"कुणाला म्हणे! काढा पिताना तर बरोब्बर कळत होतं कोण ते."

"अगं, काढाच होता. दारू नव्हती."

दाहाइ हसायचा आणि गुडघ्याला तेल चोळत बसायचा. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

तेव्हा लेखणीच बरी. आधी तिने धाकट्या राणीला तलवारीने मारलं. अंगणातलं द्वंद्व, छातीत वार, खेळ खलास. तिथल्या सेटवर पात्र मेलं की म्हणतात, त्याला डबा मिळाला. म्हणजे जेवणाचा डबा घ्यायचा आणि घरचा रस्ता धरायचा. यिंगला डबा देऊन वाटेला लावायचं, सुंठीवाचून खोकला जाईल, असा रोमेइचा हिशोब. तिने कागद नवऱ्याच्या हातात ठेवले. तो खूश.

"वा! द्वंद्व टाकलंस! मग तिची रोज सकाळ-संध्याकाळ तालीम घ्यावी लागणार बघ. नवखी आहे, तलवार धरवत नाही अजून."

रोमेइने कागद परत घेतले. "तलवार जुनी झाली रे. विषच बरं."

"विषात काय मजा?"

"मजाच मजा," ती म्हणाली.

दिग्दर्शक तांगना काही हरकत नव्हती. धाकट्या राणीवर ते पहिल्यापासून वैतागलेलेच होते. "ही जळत नाही, नुसती डोळे वटारते," असं ते सगळ्यांसमोर म्हणायचे, आणि यिंग खाली मान घालून ऐकायची. ते ऐकताना रोमेइला बरं वाटायचं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

विषाचा दिवस उजाडला. लेखिका-दासीला माहीत आहे की चहात विष आहे, मोठ्या राणीला माहीत आहे, खुद्द धाकटीलाही माहीत आहे. समोर राजा मोठीच्या केसांत फूल खोवतोय. रोमेइने लिहिलं होतं ते इतकंच, की धाकटी ते बघते, मुकाट्याने चहा पिते आणि कोसळते.

यिंगने चहा प्यायला. रिकामा पेला आवाज न करता खाली ठेवला. मग एका बोटाने त्याचा कान हळूच स्वतःकडे वळवला आणि नुसत्या ओठांनी हसत म्हणाली, "चालू द्या आपलं. माझं काही नाही."

दिव्यावरचा माणूससुद्धा तोंड उघडं टाकून बघत राहिला. तांगनी थांबा म्हणायला बराच वेळ घेतला. मग यिंग उठली आणि रिवाजाप्रमाणे कॅमेऱ्याकडे बघून मोठ्याने हसली, कारण पडद्यावर मेलेल्याने हसून अपशकुन घालवायचा असतो. निर्मात्याच्या माणसाने तिला लाल पाकीट दिलं. मरणाचे पैसे घरी न्यायचे नाहीत, त्याच दिवशी उडवायचे. यिंगने लगेच सगळ्या युनिटसाठी दूधचहा मागवला.

पहिला पेला घेऊन ती रोमेइकडेच आली.

"फांग ताई, मान तुमचा. तुम्हीच मारलंत मला."

"ते वाक्य माझं नव्हतं," रोमेइ फणकारली. "माझी राणी गप्प मरते. माझ्या लिखाणात कुणी पदरचं घातलेलं मला खपत नाही."

"तुमचंच आहे की ताई."

"मी लिहिलेलं नाही."

"लिहिलं नाहीत. म्हणता रोज." यिंग तिच्या खुर्चीशेजारी चक्क जमिनीवर बसली, राणीच्या पोशाखात. "रागावू नका हं. मला जळायला कुठं येत होतं? ना नवरा, ना कुणी यार. तांग साहेब रोज सोलून काढायचे. मग एकदा मी मास्तरांना मनगटाचं विचारत होते आणि माझं लक्ष तुमच्याकडे गेलं. ताई, काय सांगू! अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, अगं बाई, धाकटी राणी तर इथं प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलीय! मग रोजच यायला लागले."

"म्हणजे तू माझ्यासमोर..."

"तुमच्यासमोरच! तुम्ही नसलात तर कशाला येऊ? मास्तर तर गुडघा आणि हवापाणी सोडून दुसरं बोलत नाहीत."

"आणि काढा?"

"काढा आणला की तुमची मान वळायची ना, ती बघायची होती."

"त्याला ठाऊक होतं हे?"

"छे! त्यांना काय कळतंय, भोळा सांब माणूस." यिंगने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तांग साहेब म्हणाले, पुढच्या मालिकेत मोठी भूमिका तुलाच. तुमच्यामुळे, ताई."

आता खरं तर रोमेइला हायसं वाटायला हवं होतं. नवरा शाबूत होता, गुडघ्यासकट. पण हायसं कसलं, ती आणखीच पेटली. नवरा नेला असता तर झिंज्या उपटून परत तरी आणता आला असता. हे कसं परत मागायचं? सगळ्या युनिटची मरणं लिहिणारी ती, आणि एका पोरीने तिला खुर्चीसकट उचलून आपल्या भूमिकेत घातलं होतं, तेही वर दूधचहा पाजून. तो दूधचहा तिने शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, कारण सगळे बघत होते.

संध्याकाळी नवरा-बायको नेहमीच्या टपरीवर दाट रश्शाच्या शेवया खायला बसले. दाहाइने दोन घास खाल्ले. मग चॉपस्टिक खाली ठेवून म्हणाला, "रोमेइ, आज मला रडू आलं गं."

"कशाने?"

"ती पेला ठेवते ना, तिथे. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण बाईमाणूस आतून असं जळतं हे मला आजच कळलं. काय बघत होती ती! वाटलं, उठावं आणि जवळ घ्यावं बिचारीला."

रोमेइने त्याच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे खरंच ओले होते. इतके दिवस तोच पेला, तेच बोट, तेच वाक्य, आणि हा समोर बसून तेल चोळायचा.

तिने समोरचा चहा संपवला. पेला आवाज न करता खाली ठेवला. एका बोटाने पेल्याचा कान स्वतःकडे वळवला.

"चालू दे तुझं," ती म्हणाली. "माझं काही नाही."

दाहाइने मान वर केली आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. त्याने टेबलावर थाप मारली.

"अरे वा! अगदी शे यिंग! कधी उचललंस?" मग त्याने मान तिरकी करून मास्तरकीच्या नजरेने तिला नीट न्याहाळलं. "फक्त जरा जास्त झालं बघ. ती करते ते खरं वाटतं."

आणि तो पुन्हा शेवया ओढायला लागला.