पथरीबाबांचा अंगठा

लिंबायतमधल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी दोनशे माणसं श्वास रोखून एका पोटाकडे बघत होती. पोट एका रिक्षावाल्याचं होतं, आणि ते इतकं प्रेक्षणीय आहे हे त्यालाही आजच कळत होतं. पथरीबाबांनी दोन्ही तळहात सभेला दाखवले. ओल्या कापसाने बोटं पुसली. हळद फासलेल्या पोटात बोटं रुतवली, लाल ओघळ आला आणि चिमटीत खडा! ना चाकू, ना टाका. खडा पितळी ताटलीत टणकन वाजला आणि हॉल दणाणला.

“बेन, दवाखाने में चाकू चलता है, इधर चैतन्य चलता है,” बाबा म्हणाले. “डॉक्टर खडा ओढून काढतो. मी प्रेमाने बोलावतो. खडा लाजत लाजत बाहेर येतो.”

ताटलीतले खडे काही लाजलेले दिसत नव्हते. मूत्रपिंडातले काय, पित्ताशयातले काय, सगळे खडीच्या एकाच ट्रकमधून उतरल्यासारखे होते. पण हे मोठ्याने बोलायची सोय नव्हती. मागच्या रविवारचा एक खडा आमच्या घरचा होता.

माझी वहिनी सरलाबाई. पित्ताशयात चार खडे, सोनोग्राफीत स्पष्ट दिसलेले. ऑपरेशन येत्या गुरुवारी ठरलेलं. बाबांनी खडा ‘बोलावला’ आणि वहिनींनी ऑपरेशनला साफ नकार दिला. तीन दिवसांत कळा परत सुरू झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल.

“जागा भरून येतेय, भाऊजी,” वहिनी घामाघूम होऊन म्हणाल्या. “मना खडा निंघना. बाहेर आलेला मी डोळ्यांनी पाहिला.”

“मग परत सोनोग्राफी करू. खडे नसतील तर नसतील.”

“बाबांनी सव्वा महिना फोटो काढू नका म्हणून सांगितलंय. आतली जागा कच्ची असते.”

माझा मोठा भाऊ सुकलाल लूमवर फोरमन आहे. तिथे एक धागा तुटला तर त्याचा हात लगेच मशीन थांबवतो. घरात मात्र त्याला काही थांबवता आलं नव्हतं.

म्हणूनच मी त्या रविवारी भाऊरावांना सोबत आणलं होतं. वय बहात्तर, रंगमंचावरचं नाव ‘प्रोफेसर बी. राव’. बारडोलीपासून सचिन गावापर्यंत चाळीस वर्षं हातचलाखीचे प्रयोग केलेले. खरं तर माझा त्यांच्यावरही विश्वास नव्हता. ज्याने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून मलाच वेळ विचारली, त्याच्यावर कोण ठेवील?

हॉलमधले सगळे मोबाईल पोटाकडे वळलेले होते. भाऊराव एकटेच बाबांच्या हाताकडे बघत होते. अचानक त्यांनी बेसूर गाणं ऐकावं तसं तोंड केलं.

“कच्चा आहे,” ते पुटपुटले. “अंगठा बघा त्याचा. हातात काही लपवलं की अंगठा अवघडतो. मी तळहातात सुपारी धरून तीन वर्षं दाढी केली, चहा प्यायलो, भाजी निवडली. तेव्हा कुठे माझा अंगठा झोपायला शिकला.”

संध्याकाळी आमच्या घरी त्यांनी मला खाटेवर आडवं केलं. शेजारच्या पुष्पाबाईही आल्या. दोन्ही तळहात रिकामे, मग कापूस, मग माझं पोट. लाल ओघळ आणि खडा! माझ्याच पोटात काहीतरी हललं असं मलाही वाटलं, एवढं सफाईदार काम होतं.

“बघितलंत? ही हातचलाखी आहे,” भाऊराव म्हणाले.

वहिनींनी हात जोडले. “म्हणजे तुम्हालाही सिद्धी आहे!”

“अहो ताई, सिद्धी नाही, सराव आहे.”

“मोठी माणसं असंच म्हणतात,” पुष्पाबाईंनी ग्वाही दिली. “भाऊराव, माझा गुडघा बघता का जरा?”

त्यांनी पुन्हा करून दाखवलं, अगदी सावकाश. तरीही कुणाला काही दिसलं नाही. पुष्पाबाईंनी साडी गुडघ्याच्या दिशेने थोडी वर घेतली. भाऊराव खाटेच्या कडेला टेकले.

मग तिसऱ्यांदा उठले. कापूस उचलला, बोटं पुसली, कापूस खाली ठेवला आणि खडा फरशीवर पडला.

टक्.

“चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाडला,” ते म्हणाले. “खडा पोटात नव्हताच, ताई. कापसात होता. कापूस ठेवला, खडा बोटांच्या मुळाशी राहिला. कापूस चुन्याच्या पाण्यात भिजवलेला. हळदीला चुना लागला की लाल होतं. हळदीच्या डागाला साबण लागल्यावर काय होतं, ते तुम्ही रोज बघता. मी पोस्टरवर जादूगार लिहायचो. लोक फसायला तिकीट काढून यायचे, पण माझ्यामुळे कुणाचा दवाखाना चुकला नाही. आता अंगठा बघा.”

या वेळी त्यांनी अंगठा मुद्दाम ताठ ठेवला. वहिनी अंगठ्याकडे बघत राहिल्या.

मंगळवारी बाबांची पुन्हा सभा होती. वहिनी पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. बाबांनी कापूस खाली ठेवला, तोच त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, “बाबा, तुमना आंगठा दुखस का?”

हॉल सगळा खानदेशी. दोनशे मोबाईल पोटावरून अंगठ्याकडे वळले. बाबांनी घाईने हात शालीत घेतला आणि खडा ताटलीत वाजला. रिक्षावाल्याच्या जागी आज झोपलेल्या माणसाला अजून बोटही लागलं नव्हतं. या वेळी खडा जरा जास्तच लाजला होता. शाल सावरत बाबा मागच्या दाराने गेले.

गुरुवारी ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खड्यांची लहान बाटली घेऊन आले. वहिनींनी आधी बाटलीतले खडे मोजले. चार. मग डॉक्टरांच्या हाताकडे टक लावली.

“काय बघताय?”

“आंगठा. सैल शे.”

डॉक्टर गोंधळले, पण रागावले नाहीत. बाटली वहिनींच्या हातात देऊन म्हणाले, “आणखी काही विचारायचंय?” माझं सांगणं एवढंच: प्रश्न विचारलेला ज्याला चालतो, त्याच्याकडे जा. ज्याला चालत नाही, त्याच्या अंगठ्याकडे बघा.