मारून घेतलेली कबुली

दवाखान्याच्या अंधाऱ्या स्टोअररूममध्ये एका नर्सवर बलात्कार झाला. तिने चेहरा पाहिला नव्हता, पण आवाज वॉर्डबॉयचा वाटला होता. त्याला अटक झाली. वकील परवडेना, म्हणून कोर्टाने मला त्याची वकील नेमलं.

आई म्हणाली, "असल्याची बाजू मांडणार? लाज कोळून प्यालीस का गं?"

"आई, बाजू कुणीतरी मांडायलाच हवी."

तुरुंगात त्याला भेटले तेव्हा त्याच्या पायांचे तळवे सुजून काळेनिळे झाले होते. "ताई, मार सहन होईना, म्हणून मॅजिस्ट्रेटसमोर कबुलीवर सही केली," तो म्हणाला. त्याने गुन्हा केला होता की नाही, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कबुली हाती लागताच पोलीस निवांत झाले. नर्सचे कपडे तपासणीला गेलेच नाहीत. जिन्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण वेळेत न मागवल्यामुळे पुसलं गेलं. कोर्टात मारहाण सिद्ध झाली, कबुली बाद ठरली आणि तो सुटला.

निकालानंतर नर्स कॉरिडॉरमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, त्याला मारण्याऐवजी नीट तपास केला असता, तर खरं कळलं असतं ना?"

"हो."

"मग तोच होता की दुसरा कुणी, हे आता मी कुणाला विचारू? उद्यापासून त्याच दवाखान्यात ड्युटी आहे माझी."

ती भिंतीला टेकून रडू लागली. तिला जवळ घ्यावंसं फार वाटलं, पण मी त्याची वकील होते. माझा हात पुढे झालाच नाही.