दिवाळीची पोर, जूनची तारीख

मी एक जुना पितळी तराजू आहे, मित्रांनो. सिरसाळ्याला गहिनीनाथ आबांच्या धान्याच्या दुकानात आढ्याला टांगलेला. माजलगावच्या लोहाराने माझी दांडी घडवली. आबा पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणायचे आणि गिऱ्हाईक म्हणायचं, “आबाचा काटा म्हंजे देवाचा शबुद!” पुढे इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि मला कोळिष्टकं लागली.

त्याच्या कितीतरी आधी, एका दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, आबांच्या बायकोने, भिवराबाई आजींनी नुकत्याच जन्मलेल्या नातीला फडक्यात गुंडाळून माझ्या पारड्यात ठेवलं. ती दीपमाला. तिचं पहिलं वजन मी केलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

आता ती पुण्यात नर्स आहे आणि तिला कॅनडाला जायचंय. मे महिन्यात ती घरी आली. तिचं बोलणं ऐकून माझं डोकंच चक्रावलं असतं, तराजूला डोकं असतं तर! तिकडे म्हणे माणसांना गुण देतात. शिक्षणाचे, भाषेचे, नोकरीचे, वयाचेसुद्धा. मग सगळ्यांची रांग लावून वरच्यांना बोलावतात आणि कुठवर बोलवायचं ती रेघ दर वेळी बदलते. पारडं नाही, वजनं नाहीत, मग माणूस तोलतात कसा? मला काही उमजेना.

“आबा, एक जूनला मला तीस पुरी व्हतेत. पाच गुण जातेत,” दीपमाला म्हणाली.

“कावून? वय वाढलं की माणूस शहाणं व्हतंय न्हवं?”

“तितं उलटं हाय.”

“पर तू तर दिवाळीची हायेस!”

“मग शाळंत जूनची तारीख कुणी लिवली?”

पोरीला पहिलीत घालायला सहा वर्षं पुरी दाखवायची होती. गुरुजींनी एक जून लिहिली आणि आबांनी मान डोलावली. गावात निम्म्या लोकांचा वाढदिवस तोच. पुढे पासपोर्टवरही तीच तारीख चढली.

जूनमध्ये निकाल लागला. रेघ दीपमालाच्या तीन गुण वर थांबली. गेलेले पाच असते, तर ती पार झाली असती. ती रडली नाही. इंग्रजीची परीक्षा पुन्हा द्यायची म्हणून पुस्तक घेऊन माझ्याखाली बसली. रडले ते आबा. डोळे पुसलेल्या उपरण्यानेच त्यांनी माझं पारडं पुसलं.

“तुला तर ठावं हाय रं, ही कवाची हाय ते,” ते मला म्हणाले.

ठाऊक होतं. पण तराजूची साक्ष कोण घेतो?

मित्रांनो, जुन्या तराजूला जपा, पण आधी लेकराचा खरा दिवस जपा. धान्य कमी भरलं तर मूठभर टाकून भरता येतं. दिवस कशाने भरायचा, ते मला अजून कळलेलं नाही.