तिसऱ्या उन्हाळ्याचं अंगण

मोतीबिंदू इतका हळूहळू येतो, की तो आल्याचं कळतच नाही. मला वाटत होतं, यंदा मिनेसोटात धुकं जास्त आहे. तलावावर धुकं, रस्त्यावर धुकं, दुपारी माझ्या पुढच्या अंगणातसुद्धा. नोकरीभर मी तलावांच्या पाण्याचा गढूळपणा मोजला. स्वतःच्या डोळ्यातला मात्र डॉक्टरांनी दाखवला तेव्हा कळला.

ऑपरेशन हिवाळ्यावर ढकलता आलं असतं. मी जूनमध्येच करून घ्यायचं ठरवलं, कारण अंगणाचा हा तिसरा उन्हाळा होता.

आधी मी हिरवळीवर पुठ्ठे अंथरले होते, त्यावर ओल्या पानांचा थर. खालचं गवत गुदमरून गेलं. मग पहिल्या बर्फावर इथल्या मूळ माळरानाचं बी टाकलं. हे बी हिवाळाभर गारठल्याशिवाय रुजत नाही. ही झाडं पहिल्या वर्षी झोपतात, दुसऱ्या वर्षी रांगतात आणि तिसऱ्या वर्षी उडी मारतात, असं इकडे म्हणतात. झोप आणि रांगणं मी धूसर पाहिलं. उडी मला स्वच्छ डोळ्यांनी पाहायची होती. चौथा उन्हाळा येईलही, पण पहिली उडी एकदाच असते.

आमच्या गल्लीत पुढच्या अंगणांना कुंपण नसतं. एका घराची हिरवळ दुसऱ्याच्या हिरवळीत मिसळते. गवत कापताना शेजाऱ्याच्या हद्दीत यंत्राचा एक पट्टा जास्त ओढायचा, अशी रीत आहे. तोंडाने कोणी काही म्हणत नाही. तो पट्टा म्हणजेच नमस्कार. माझं गवत गेलं तसा शेजारच्या वर्लिन स्ट्रोबेलचा पट्टाही थांबला. दर शनिवारी तो यंत्र ढकलत हद्दीपर्यंत यायचा, क्षणभर उभा राहायचा आणि वळायचा. त्याची बायको डेल्फीन गेल्यापासून त्याचं गवत आणखीच आखूड झालं होतं.

निघायच्या दिवशी तो दारात भेटला.

"बहिणीकडे चाललेय," मी म्हणाले. "डोळ्यांचं ऑपरेशन आहे."

"म्हणजे वाकायचं नाही. वजन उचलायचं नाही."

"हो, काही दिवस."

"हं. काळजी करू नकोस."

मी हसून गाडीत बसले. आमच्याकडचा माणूस "काळजी करू नकोस" म्हणतो तेव्हा तो काहीतरी करणार असतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा निळा रंग परत आला. डोळ्यातलं पिकलेलं भिंग पिवळं पडतं आणि निळा रंग गाळून टाकतं, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पण माझ्या बहिणीच्या, आर्डिसच्या, स्वयंपाकघरातली साधी बशी इतकी निळी असेल असं वाटलं नव्हतं. मी ती हातात घेऊन बसून राहिले. बशीच्या तळाशी सकाळ साठल्यासारखी वाटत होती.

"बशी खाली ठेव आता," आर्डिस म्हणाली. "आणि माझ्याकडे अशी बघू नकोस. सुरकुत्या मोजतेयस ना?"

"ऑपरेशनआधी तू फार सुंदर होतीस."

"मग दुसरा डोळा राहू दे तसाच."

दुसराही झाला. दुपारी झोपले की अंगण दिसायचं. जांभळ्या बर्गमॉटच्या फुलांवर लोंबकळणारे भुंगे, कमरेइतकं निळसर गवत, आणि रुईच्या कुळातलं ते मिल्कवीड, ज्याचं पान मोडलं की दूध येतं आणि जे सोडून मोनार्क फुलपाखराची अळी दुसरं काही खात नाही. स्वप्नात वारा नसतानाही सगळं एका बाजूला झुलत असायचं.

आर्डिसनेच मला घरी सोडलं. गल्लीच्या तोंडाशी मी डोळे मिटले. गाडी थांबल्यावर उघडायचे, असं ठरवून. गाडी थांबली.

आधी वास आला, पुदिन्यासारखा, कापलेल्या बर्गमॉटचा. मग मी डोळे उघडले. माझ्या अंगणावर सरळ पट्टे ओढलेले होते, एक फिका, एक गडद, वर्लिनच्या अंगणापासून सलग. मिल्कवीडच्या खुंटांवर दुधाचे पांढरे थेंब सुकले होते. माझी नजर इतकी स्वच्छ झाली होती, की प्रत्येक थेंब वेगळा दिसत होता.

"थँक्यू म्हण," आर्डिस हळूच म्हणाली. "रूबार्बच्या आंबट देठांच्या वड्या करून दे आणि विषय संपव."

"त्याने माझं अंगण कापलं, आर्डिस."

"अगं, त्याने आजारी शेजारणीचं गवत कापलं. अशा माणसाला आपल्याकडे कोणी कधी बोललंय?"

बोललं नव्हतं. मी वड्या केल्या.

वर्लिनने डबा दोन्ही हातांनी घेतला. "कडा बऱ्या झाल्या का? तुझ्याकडचं फार राठ झालं होतं, यंत्र सारखं बंद पडायचं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "मला वाटायचं, तू नवं गवत पेरलंस आणि ते बिघडलं. डोळ्याचं कळलं तेव्हा उलगडा झाला. तुला बिचारीला दिसतच नव्हतं."

"छान केलंस," मी म्हणाले. घरी येऊन हात धुतले. खूप वेळ धुतले.

नंतरचे दिवस मी पायरीवर बसून काढले. वाकायची परवानगी नव्हती, पण पाहायची होती. खुंटांच्या बगलेतून कोंब आले, फिके, जवळजवळ पारदर्शक. एका दुपारी हवेतून केशरी काहीतरी तरंगत आलं. मोनार्कची मादी. ती पानावर उतरली, पायांनी पान चाखलं, कारण त्यांची चव पायात असते, आणि अंडं घालायला शेपटाकडचा भाग खाली वाकवला. मग दुसरी आली. मग पुष्कळ आल्या. मला कारण समजत होतं: गावाबाहेर मिल्कवीडची पानं एव्हाना जून आणि चिवट झाली होती, आणि कोवळं पान फक्त इथे होतं. समजत होतं, तरी सगळं झोपेत घडल्यासारखं वाटत होतं. ऊन मधासारखं जाड होतं आणि त्यात त्या पंख न हलवताच तरंगत होत्या.

शनिवारी यंत्र सुरू झालं. वर्लिनचं अंगण संपलं. यंत्र हद्दीपाशी आलं, क्षणभरही थांबलं नाही, आणि माझ्याकडे आलं.

मी पायरीवरून उठून त्याच्यासमोर उभी राहिले.

त्याने यंत्र बंद केलं. "आवाजाचा त्रास होतोय का डोळ्यांना?"

"नाही. वर्लिन, हे मी मुद्दाम लावलंय."

"काय?"

"सगळं. तू कापलंस ते."

त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. मान तांबडी झाली. "पण तू वड्या दिल्यास."

"हो."

"चांगल्या होत्या."

"हो. आणि मी खोटं बोलले."

"तीन वर्षं एक शब्द नाही काढलास?"

"तू विचारलं नाहीस."

"असं कोणी विचारतं का? दुसऱ्याच्या अंगणाबद्दल?" तो खरोखर दुखावला होता.

मी एक कोवळं पान उलटं धरलं. "हे अंडं बघ." त्याने चष्मा वर केला, खाली केला. "कुठंय? मला तर काहीच दिसत नाही."

"डोळे तपासून घे," मी म्हणाले आणि खिशातलं भिंग दिलं. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. खसखशीएवढं अंडं, दुधी रंगाचं, त्यावर उभ्या रेघा. तो इतका वेळ वाकून राहिला की मला त्याच्या कमरेची काळजी वाटली.

"डेल्फीन ह्या फुलपाखरांसाठी गाडी थांबवायची," तो शेवटी म्हणाला. "मागून लोक हॉर्न द्यायचे." मग सरळ झाला. "मी पुष्कळ मारली असतील, नाही?"

"काही, हो."

मला खोटं बोलायचं नव्हतं आता. त्याने मान हलवली. यंत्राच्या दांडीवर हात ठेवून तो उभाच राहिला.

"मग शनिवारी मी काय करू? माझं एवढंसंच आहे, लगेच संपतं."

मी विचार केला. "आतून जायला वाट हवी आहे मला. वळणाची."

"वळणं मला जमत नाहीत."

"मग सरळ."

त्याने सरळच वाट कापली, दारापासून रस्त्यापर्यंत, खुंट चुकवत, अगदी हळू. प्रत्येक झाडापाशी थांबून विचारत होता, "हे तुझं, की तण?"

ऑगस्टअखेर फुलं आली. उशिरा आली आणि गुडघ्याच्या वर गेली नाहीत. ज्या उडीसाठी मी डोळे उघडून घेतले होते, ती ही नव्हती. पण जांभळा रंग खरा जांभळा होता, आणि भुंगे इतके जड झाले होते की त्यांच्या वजनाने बुटकी फुलं जमिनीला टेकत होती. शनिवारी वर्लिन वाट कापतो आणि यंत्र बंद करून तिथेच उभा राहतो. मी खिडकीतून पाहते, हाक मारत नाही. पट्टेरी अळ्या पानं खात असतात, आणि तो प्रत्येक पान उलटून पाहत पुढे सरकतो, पाण्याखालून चालल्यासारखा.